सिव्हिल एअर पेट्रोलच्या कॅडेट स्क्वाड्रनचा पॅच: चिन्हांचा अर्थ आणि रचना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांतील मुले-मुली आता सिव्हिल एअर पेट्रोल या संस्थेच्या कॅडेट स्क्वाड्रनमध्ये दाखल होत आहेत. गणवेशावरील कापडी बोधचिन्हांविषयी त्यांचे आईवडील, इकडचे आजी-आजोबा आणि स्वतः कॅडेट जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आरंभीचे प्रश्न मूलभूत आहेत आणि नवीन पॅच तयार करणाऱ्यांच्या अडचणी पुढे येतात. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर अन्यत्र असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिव्हिल एअर पेट्रोल म्हणजे नेमके काय? ते सैन्य आहे का?

ते सैन्य नाही. सिव्हिल एअर पेट्रोल, म्हणजेच सीएपी, ही स्वयंसेवकांची नागरी संस्था आहे आणि कायद्याने तिला अमेरिकी हवाई दलाच्या साहाय्यक दलाचा दर्जा आहे. तिची स्थापना १ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या अवघे सहा दिवस आधी झाली. १ जुलै १९४६ रोजी तिला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्याने सनद मिळाली आणि २६ मे १९४८ च्या कायद्याने ती हवाई दलाशी जोडली गेली. कॅडेट कार्यक्रम १ ऑक्टोबर १९४२ पासून सुरू आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि १९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी त्यात प्रवेश घेता येतो आणि २१ व्या वर्षापर्यंत कॅडेट म्हणून राहता येते. कॅडेट झाल्याने सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन येत नाही.

२. निळे वर्तुळ, पांढरा त्रिकोण आणि त्यात लाल प्रोपेलर, हे चिन्ह कुठून आले?

या चिन्हाचे मूळ विमानविद्येत नसून नागरी संरक्षणात आहे. मे १९४१ मध्ये अमेरिकेत नागरी संरक्षण कार्यालय स्थापन झाले आणि न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया त्याचे प्रमुख झाले. निळ्या वर्तुळात पांढरा त्रिकोण हे नागरी संरक्षणाचे चिन्ह होते. चार्ल्स कॉइनर या जाहिरातक्षेत्रातील कलादिग्दर्शकाने ते रेखाटले होते. १९३३ मध्ये गाजलेला ‘निळा गरुड’ हे अमेरिकी सरकारच्या मंदीनिवारण कार्यक्रमाचे चिन्हही त्याचेच.

नागरी संरक्षणाच्या प्रत्येक शाखेसाठी वर्तुळ आणि त्रिकोण तेच ठेवून आतली खूण तेवढी बदलली जात असे. हवाई हल्ल्याचा इशारा देणाऱ्या वॉर्डनांच्या त्रिकोणात तिरपे पट्टे होते, निरोप्यांच्या त्रिकोणात वीज आणि बॉम्ब हाताळणाऱ्यांच्या त्रिकोणात बॉम्ब. सीएपी याच कार्यालयाची शाखा म्हणून जन्मली असल्यामुळे तिच्या त्रिकोणात तीन पात्यांचा लाल प्रोपेलर आला. त्रिकोणाला एकट्याने पाहून त्यात गूढ अर्थ शोधण्यापेक्षा तो या भावंडांमध्ये ठेवून पाहावा, म्हणजे त्याचे काम लगेच लक्षात येते. ‘आम्ही नागरी संरक्षणाचे लोक’ असे त्रिकोण सांगतो आणि ‘आमचे काम विमानांचे’ असे प्रोपेलर सांगतो. नागरी संरक्षणाचे मूळ चिन्ह २००६ मध्ये निवृत्त करण्यात आले, मात्र सीएपीने आपला त्रिकोण सोडलेला नाही.

३. प्रोपेलरची तीन पाती म्हणजे संस्थेची तीन कामे, असे आमच्या मुलाला शिकवले आहे. हे खरे आहे का?

आठवण ठेवण्याची खूण म्हणून ते उत्तम आहे, परंतु चिन्हाचा उगम म्हणून ते कालक्रमात बसत नाही. ज्या तीन कामांचा उल्लेख होतो ती म्हणजे आपत्कालीन सेवा, एरोस्पेस शिक्षण आणि कॅडेट कार्यक्रम. चिन्ह संस्थेच्या आरंभकाळातले आहे. कॅडेट कार्यक्रम त्यानंतर, ऑक्टोबर १९४२ मध्ये सुरू झाला आणि ही तीन कामे संस्थेची अधिकृत उद्दिष्टे म्हणून युद्धानंतरच्या कायद्यांनी पक्की झाली. जे काम अद्याप अस्तित्वातच नव्हते, त्याच्यासाठी पाते रेखाटले जाणे शक्य नाही.

मग पाती तीनच का? त्या काळात सीएपीच्या सभासदांकडे असलेल्या पायपर, स्टिन्सन, फेअरचाइल्ड यांसारख्या छोट्या खासगी विमानांना बहुधा दोनच पात्यांचे प्रोपेलर असत. त्यामुळे प्रत्यक्ष विमान पाहून ही पाती मोजलेली दिसत नाहीत. त्रिकोणाच्या तीन कोनांकडे तीन पाती नेमकी वळतात आणि पांढरी जागा तिन्ही बाजूंना सारखी उरते, हे रचनेचे कारण मला अधिक पटते. एखाद्या चिन्हाला पुढच्या पिढीने नवा अर्थ जोडला तर त्यात गैर काही नाही. परंतु कॅडेटने पदोन्नतीच्या मंडळासमोर बोलताना ‘मूळ अर्थ’ आणि ‘पुढे जोडला गेलेला अर्थ’ यांत फरक करावा, असे मला मनापासून वाटते.

४. युद्धकाळातील काही छायाचित्रांत विमानांवर त्रिकोण आहे, पण लाल प्रोपेलर नाही. ते अपूर्ण रंगवले होते का?

नाही, लाल प्रोपेलर मुद्दाम काढलेला होता. ५ मार्च १९४२ पासून ३१ ऑगस्ट १९४३ पर्यंत सीएपीच्या नागरी वैमानिकांनी जर्मन पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या किनाऱ्यालगत गस्त घातली. एकूण २१ तळांवरून ही उड्डाणे होत असत. त्या काळात विमानावरचा लाल रंग जीवावर बेतू शकत होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि दुरून पाहणाऱ्या तोफचीला लाल ठिपका तेवढा दिसत असे. म्हणूनच मे १९४२ मध्ये अमेरिकी विमानांवरील पांढऱ्या ताऱ्यामधला लाल ठिपका काढण्यात आला. त्याच कारणाने गस्तीच्या विमानांवरील त्रिकोणातून लाल प्रोपेलरही गेला. गणवेशावरच्या चिन्हात मात्र तो राहिला.

भारतीय वाचकांना हा प्रकार अगदीच परका नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलांच्या विमानांवरील गोल खुणेतूनही लाल रंग याच भीतीने वगळला गेला होता. १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इम्फाळच्या लढाईत उतरलेल्या पहिल्या क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या काळातील छायाचित्रे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

किनारी गस्तीत २६ वैमानिक व निरीक्षकांना प्राण गमवावे लागले आणि ९० विमाने गेली. समुद्रात विमान उतरवावे लागूनही जे वाचले, त्यांच्यासाठी ‘डक क्लब’ नावाचा स्वतंत्र बिल्ला होता. संस्थेच्या युद्धकालीन सभासदांना काँग्रेसचे सुवर्णपदक मिळाले ते २०१४ मध्ये. हा इतिहास ठाऊक असलेला कॅडेट त्या लाल प्रोपेलरकडे निराळ्या आदराने पाहतो.

५. मुलीच्या गणवेशासोबत वेगवेगळे पॅच आले आहेत. त्यांतला स्क्वाड्रनचा कोणता?

संस्थेची रचना समजली की पॅचही ओळखता येतात. राष्ट्रीय मुख्यालय अलाबामातील मॅक्सवेल हवाई तळावर आहे. त्याखाली आठ रीजन, म्हणजे अनेक राज्यांचे मोठे विभाग, आहेत. रीजनखाली ५२ विंग येतात, म्हणजे प्रत्येक राज्याची एक, शिवाय वॉशिंग्टन डी.सी. आणि प्वेर्तो रिको यांची एकेक. विंगखाली काही ठिकाणी ग्रुप असतात आणि शेवटी स्क्वाड्रन किंवा त्याहून लहान असे फ्लाइट. ज्या पॅचवर राज्याचे नाव किंवा राज्याची खूण आहे तो विंगचा. ज्यावर गावाचे, विमानतळाचे किंवा व्यक्तीचे नाव आणि ‘कॅडेट स्क्वाड्रन’ अथवा ‘कॉम्पोझिट स्क्वाड्रन’ असे शब्द आहेत तो स्क्वाड्रनचा. कॉम्पोझिट म्हणजे कॅडेट आणि प्रौढ सभासद या दोघांचेही विभाग असलेले स्क्वाड्रन.

काही पॅचवर क्रमांकही असतो. तो त्या स्क्वाड्रनला मिळालेल्या सनदेच्या क्रमांकातून घेतलेला असतो. सनदेचा क्रमांक तीन भागांचा असून त्यात रीजनचे लघुरूप, राज्याचे लघुरूप आणि तीन अंकी संख्या एवढा मजकूर असतो. कोणता पॅच कोणत्या गणवेशावर आणि कोठे लावायचा हे ३९-१ क्रमांकाच्या गणवेश-नियमावलीत आणि विंगच्या पुरवणीत दिलेले असते. हे नियम बदलत राहतात. मोठ्या भावाचा जुना गणवेश पाहून शिवायला घेऊ नये, ताजी नियमावली पाहावी.

६. स्क्वाड्रनचे पॅच बहुधा गोल आणि वरच्या घटकांचे ढालीसारखे का असतात?

हा अमेरिकी हवाई दलाच्या प्रथेचा प्रभाव आहे. हवाई दलात ग्रुप, विंग आणि त्यांवरील घटकांना ढालीचा आकार दिला जातो आणि स्क्वाड्रनला गोल तबकडीचा. आकार पाहताच घटक लहान की मोठा हे समजावे, असा त्यामागचा हेतू आहे. सीएपीत या प्रथेला बरेच अपवाद आहेत. जुन्या पॅचमध्ये राज्याच्या नकाशाचे, त्रिकोणी किंवा सर्वस्वी मुक्त आकारही आढळतात. नवीन पॅच करणाऱ्या स्क्वाड्रनने मात्र गोल आकारच घ्यावा असे मी सुचवेन. त्याची कडा सहज शिवता येते आणि कोपरे उचकटत नाहीत, हा त्याचा व्यावहारिक फायदा.

७. निळा आणि पिवळा हे रंग इतके का दिसतात?

हवाई दलाच्या घटकांच्या बोधचिन्हांचे जे अधिकृत वर्णन असते, त्यात या दोन रंगांचा अर्थ ठरलेला आहे. निळा रंग आकाशाचा, म्हणजे हवाई दलाच्या मुख्य कार्यक्षेत्राचा, आणि पिवळा सूर्याचा, तसेच हवाई दलातील व्यक्तींकडून अपेक्षित असलेल्या उत्कृष्टतेचा. कॅडेट स्क्वाड्रनांनी हे रंग तेथूनच उचलले आहेत. सीएपीचा स्वतःचा निळा-पांढरा-लाल हा त्रिवर्ण मात्र नागरी संरक्षणाच्या वारशातून आला (प्रश्न २). हे दोन्ही रंगसमूह एकाच छोट्या तबकडीत कोंबले की चार रंग होतात आणि त्यातला एकही ठसत नाही. एक समूह निवडावा.

८. मुलांना पॅचवर लढाऊ जेट हवे आहे. त्याला हरकत घ्यावी का?

घ्यावी, पण समजावून सांगून. सीएपीकडे सुमारे साडेपाचशे विमाने आहेत आणि एक इंजिन असलेल्या पिस्टन विमानांचा तो जगातील सर्वांत मोठा ताफा मानला जातो. त्यांतील बहुतेक सेसना बनावटीची आहेत. याशिवाय ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमाने, आहेत. अठरा वर्षांखालील कॅडेटला शिकाऊ अनुभव म्हणून पाच उड्डाणे इंजिनाच्या विमानातून आणि पाच ग्लायडरमधून करता येतात. म्हणजे मुलांच्या हातात पहिल्यांदा येणारे सुकाणू सेसनाचे किंवा ग्लायडरचे असते. हरवलेली विमाने शोधणे, पुरानंतरची हवाई छायाचित्रे घेणे ही संस्थेची कामेही वर बसवलेल्या पंखाच्या त्याच साध्या विमानांनी होतात. त्या विमानाची बाह्याकृती पॅचवर आली तर स्क्वाड्रनने स्वतःविषयी खरे सांगितल्यासारखे होते.

याला एक अपवाद रास्त आहे. स्क्वाड्रनची बैठक ज्या हवाई तळावर भरते, त्या तळाशी एखाद्या लढाऊ विमानाचा जुना संबंध असेल, किंवा स्क्वाड्रनला ज्याचे नाव दिले आहे तो वैमानिक ते विमान चालवत असेल, तर जेट चालेल. अशा वेळी कारण लेखी नोंदवून ठेवावे (प्रश्न १० पाहावा).

९. पॅचवरचा गरुड नेहमी पाहणाऱ्याच्या डावीकडे का तोंड करून असतो?

युरोपीय मानचिन्हशास्त्रात ढालीची उजवी-डावी बाजू ढाल धरणाऱ्याच्या दृष्टीने मोजतात, पाहणाऱ्याच्या नव्हे. उजवी बाजू मानाची समजतात. त्यामुळे धरणाऱ्याच्या उजवीकडे पाहणारा पक्षी आपल्याला डावीकडे पाहताना दिसतो. विमानाचे चित्रही याच दिशेने नाक करून काढण्याची पद्धत आहे.

१०. आमच्या स्क्वाड्रनला नवीन पॅच करायचा आहे. सुरुवात कशी करावी?

चित्रापासून करू नये, वाक्यापासून करावी. ‘आम्ही कोण, कुठले, आणि आमच्याकडे असे काय आहे जे शेजारच्या स्क्वाड्रनकडे नाही’ याचे उत्तर कॅडेटांनी दोन-तीन वाक्यांत लिहावे. त्या वाक्यांतले नाम हेच पॅचचे साहित्य. नदीकाठच्या धावपट्टीवर भरणाऱ्या स्क्वाड्रनला नदी मिळते, दीपगृहाच्या गावाला दीपगृह मिळते, डोंगराळ भागातील शोधपथकाला होकायंत्र मिळते. गरुड, वीज, तारे आणि ढग या चार गोष्टी ज्या पॅचवर एकत्र आहेत, तो पॅच कोणत्याही गावाचा असू शकतो, म्हणजेच तो कोणाचाही नसतो.

त्यानंतर एक मुख्य आकृती निवडावी आणि फार तर एक दुय्यम. पहिल्या महायुद्धात ९४ व्या अमेरिकी एअरो स्क्वाड्रनने गोल कड्यातून जाणारी हॅट हे चिन्ह घेतले. त्यात दुसरे काहीच नव्हते, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही ते चिन्ह ओळखले जाते. तीन-चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला मुख्य आकृती ओळखू आली नाही, तर ती मोठी करावी किंवा तिच्याभोवतीचे काहीतरी काढून टाकावे.

प्रत्येक रंग आणि आकृती यांचे कारण सांगणारे अर्ध्या पानाचे टिपण पॅचसोबतच तयार करावे. हे टिपण मंजुरीच्या अर्जाला लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पाच-सहा वर्षांत कॅडेटांची सगळी फळी बदलते आणि टिपण नसेल तर अर्थ त्यांच्याबरोबर निघून जातो. प्रश्न ३ मधील गोंधळ असाच निर्माण होतो. चित्र काढणारा कॅडेट एक असला तरी टिपण सर्वांसमोर वाचले जावे.

११. संगणकावर सुंदर दिसणारे चित्र भरतकामात बिघडते. काय काळजी घ्यावी?

भरतकामाचे यंत्र रंग पसरवत नाही, टाके घालते. त्यामुळे एका रंगातून दुसऱ्यात विरघळणाऱ्या छटा टाळाव्यात आणि सपाट रंग वापरावेत. अक्षरांची उंची साधारण सहा मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, नाहीतर आतली पोकळी धाग्याने बुजते. गोल कडेने लिहायचे नाव लांब असेल तर अक्षरे बारीक करण्याऐवजी नावच संक्षिप्त करावे. चेहरे, विमानाच्या खिडक्या, दोरखंड हे तपशील तीन-साडेतीन इंचांच्या पॅचवर टिकत नाहीत. संपूर्ण मागणी देण्यापूर्वी एक नमुना शिवून घ्यावा आणि तो उन्हात तसेच सभागृहाच्या दिव्याखालीही पाहावा.

१२. पॅचवर ब्रीदवाक्य असायलाच हवे का?

नाही. संस्थेचे स्वतःचे ‘सेम्पर व्हिजिलान्स’ (सदैव सावध) हे लॅटिन ब्रीद आहेच. स्क्वाड्रनला वेगळे ब्रीद हवे असेल तर ते तीन शब्दांपेक्षा मोठे नसावे आणि कॅडेटांना त्याचा अर्थ विनासायास सांगता यावा.

१३. स्क्वाड्रनच्या पॅचमध्ये संस्थेचा त्रिकोण-प्रोपेलर घालता येतो का? आणि पुण्यात स्वस्तात भरून घेतले तर चालेल का?

संस्थेचे नाव, बोधचिन्हे आणि बिल्ले यांवर अमेरिकी संहितेच्या ३६ व्या शीर्षकातील ४०३ व्या प्रकरणानुसार संस्थेचा अनन्य हक्क आहे. अधिकृत घटकाने, मंजुरी घेऊन, चिन्हाचे प्रमाण आणि रंग न बदलता ते वापरणे निराळे, आणि पालकांनी हौसेने टी-शर्टवर किंवा विक्रीच्या वस्तूंवर छापणे निराळे. चिन्ह वापरायचेच तर प्रोपेलरला विमानाचा आकार देणे किंवा त्रिकोण उलटा करणे असे प्रयोग करू नयेत.

भरतकाम कोणत्या देशात झाले हा गौण मुद्दा आहे. मंजूर झालेली रचना, मागणी देणारा अधिकृत घटक आणि त्यांची लेखी संमती एवढे असेल तर पुण्यातील किंवा इचलकरंजीतील कारागिराकडून काम करून घेण्यात अडचण येऊ नये. संमती नसताना भेट म्हणून पन्नास पॅच करून पाठवणे मात्र योग्य नाही, हेतू कितीही चांगला असला तरी.

१४. आमच्या स्क्वाड्रनमध्ये भारतीय मुले पुष्कळ आहेत. पॅचवर देवनागरी अक्षर किंवा गणपती घ्यावा का?

माझे मत ‘नाही’ असे आहे. पॅच पूर्ण स्क्वाड्रनचा असतो आणि पुढच्या वर्षी दाखल होणाऱ्या, कोणत्याही घरातून येणाऱ्या कॅडेटला तो तितक्याच आपलेपणाने लावता आला पाहिजे. कोणत्याही धर्माचे पूजनीय चिन्ह घामट गणवेशावर, बाहीवर किंवा खिशावर शिवले जाणे श्रद्धावंतांनाही रुचणार नाही. आपल्या मुलांचा ठसा उमटावा असे वाटत असेल, तर त्यांनी चित्र काढावे, टिपण लिहावे, मंजुरीचा पाठपुरावा करावा.

१५. भारतातील एनसीसीच्या एअर विंगचे चिन्ह याच धर्तीचे आहे का?

दोन्हींची धाटणी वेगळी आहे. एनसीसीची एअर विंग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकाता येथे प्रत्येकी एका एअर स्क्वाड्रनने सुरू झाली. मुंबईचा हा मान मराठी वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावा. परंतु एनसीसीत तिन्ही दलांच्या कॅडेटांना एकत्र बांधणाऱ्या चिन्हावर भर आहे. १९५४ मध्ये स्वीकारलेल्या ध्वजातील लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा हवाई दलाचा. मधोमध सोनेरी अक्षरांभोवती कमळांची माळ असून तिच्यातील १७ कमळे १७ संचालनालयांची निदर्शक मानली जातात. तेथे हवाई कॅडेटची ओळख फिकट निळ्या पट्ट्यातून, म्हणजे मोठ्या संघटनेचा एक भाग म्हणून होते. सीएपी मुळातच केवळ हवाई संस्था असल्याने तिच्या मध्यभागी प्रोपेलर एकटा उभा राहू शकतो.

१६. दोन स्क्वाड्रन एकत्र झाली किंवा स्क्वाड्रनचे नाव बदलले, तर जुन्या पॅचचे काय करावे?

नवीन नाव लागू झाल्यावर जुना पॅच गणवेशावर ठेवायचा की नाही, आणि ठेवायचा तर किती काळ, हे विंगच्या सूचनेप्रमाणे ठरवावे. दोन्ही जुन्या पॅचमधील सगळ्या आकृती एकत्र करून ‘तडजोडीचा’ पॅच करण्याचा मोह आवरावा, कारण त्याने प्रश्न १० मधील गर्दी ओढवते. एका स्क्वाड्रनची आकृती आणि दुसऱ्याचा रंग, इतके पुरेसे होते. जुन्या पॅचचे दोन-तीन नमुने त्यांच्या टिपणांसह स्क्वाड्रनच्या दप्तरात ठेवावेत आणि ज्या वर्षापासून ज्या वर्षापर्यंत ते वापरात होते ती वर्षे मागच्या बाजूला लिहून ठेवावीत.